बिनआवाजाचा

नव्या पेठेतला दुकानदार हसला.
"सोलापुरात हीटर? तेही तुम्ही, चादरीवाले?"
घरासाठी नाही वो, म्हटलं,
जीपमागं जोडायच्या डब्यासाठी. सात बाय पाच.
एक गादी, एक शेगडी, आम्ही दोघं.

त्यानं आधी पंख्याचा लावला.
लगेच गरम वारा, आणि घर्रर्र.
नागमणीनं माझ्याकडं बघितलं.
एकतीस वर्षं मागाच्या खडखडाटात
मी जेवलो, भांडलो,
पोरगी झाल्याचं ऐकलं,
म्हणजे सांगणाऱ्याच्या ओठांवर वाचलं.

मग तेलाचा. पांढरा, फासळ्या निघालेला,
आजारी वासरासारखा उभा.
"हा हळू तापतो," दोष सांगावा तसं तो म्हणाला.
पाचशे वॉटवर चालतो,
ढाब्याच्या प्लगला पेलेल.
हात ठेवला. थंड. अजून थंड.
ऊब कधी आली, कळलं नाही.

"आवाज?"
तिनं कान जवळ नेला. बराच वेळ.
"आहे की. टक्... टक्. पत्रा तापतोय."
मला नाही आला.
माझ्या कानात अजून धोटा पळतोय,
त्याला बटण नाही.
पण रात्री जागी तीच असते.

पावती फाडताना तो म्हणाला,
"याच्यावर चादर टाकू नका बरं का."
दोन चादरी डब्यात आधीच आहेत.
एक तिची. दुसरीही तिचीच.