नऊ दिवस

जानेवारीत अख्खं मोन्तेविदेओ किनाऱ्याकडे निघून जातं
आणि नेलिदाच्या इनबॉक्समध्ये
वीजबिलाची आठवण तेवढी उरते.

पंपांची, लिफ्टची माहितीपत्रकं भाषांतरून देते ती.
नऊ दिवसांत जगात
एकही नवा पंप निघाला नसावा.

तिनं पडदे धुतले. दर उतरवले.
मग धुतलेलेच पडदे पुन्हा भिजत घातले.

खालच्या मजल्यावरचा म्हातारा वॉशिंग्टन
(नाव आईबापांनी ठेवलं, त्याचा काय दोष)
गळ खांद्यावर टाकून जिन्यात थांबला:
थर्मास नि चहाचा तुंबा तेवढा तू घे.

धक्क्यावर दोन तास.
समोर नदी, पण इतकी रुंद
की तिला समुद्र म्हणायची सवय सगळ्यांना.
गळाला काही लागलं नाही.
"असं असलं की काय करतोस?"
"हेच," तो म्हणाला,
आणि दोरीवरचं शेवाळ बोटानं निपटलं.

तिचा हात तीनदा खिशाकडे गेला.
फोन घरी, ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी.
चौथ्यांदा गेला तो बिस्किटासाठी.

रात्री एक मेल आलेली होती:
उद्या सकाळपर्यंत हवंय, फार घाई आहे.
तिनं वाचली.
आधी पाय धुतले.
बोटांमधली वाळू निघता निघेना.