नळ आले

तांडापेठेतल्या वत्सला पराते
पहाटे चार वाजून दहाला लिहायच्या :
नळ आले. पानी गढूळ. आधी सोडून द्या.
एवढंच. चारशे सात दिवस.

एकदा फक्त :
नळ आले. यांना जाऊन आज वर्ष झालं.
त्यावर एकोणीस बदाम.

देशाचं काय व्हावं हे तिथेच
रात्रभर ठरत होतं, शिव्यांसकट.
बाईंना ते दिसलं नसावं.

मार्चात त्या भंडाऱ्याला गेल्या, मुलीकडे.
आता त्यांच्या शेवटच्या ओळीखाली
रोज कुणीतरी लिहितं : आले.
परवा मीच, ओल्या अंगठ्यानं.

म्हणतात, हे ॲप बंद पडणार.
पडेल ना बाप्पा.
काल दुपारी गच्चीवरून
नुसतं ओरडून पाहिलं.
चार घरांतून बादल्या बाहेर आल्या.
नळ आले नव्हते.