वसुली शंभर टक्के

मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईच्या बोटांना
रात्री ताकात बुडवलं तरी झोप नसते.
म्हणून आमच्याकडे कणीक मी मळायचे
आणि गटाची वहीही मीच लिहायचे,
दहा बायांत अक्षर कुणालाच नव्हतं
आणि मी सातवीत होते.

मंगळवारी सकाळी सातला मरीआईच्या ओट्याशी
कल्पेश सर फटफटी लावायचे.
सतरंजी. हजेरी. मग एका सुरात शपथ:
वेळेवर भरू, एकमेकींना सांभाळू.
त्यातलं पहिलं सोपं होतं.

आईने तीस हजारात कांडप यंत्र घेतलं,
वापरलेलं, दोंडाईच्याहून.
नंदुरबारच्या पथारीवर किलोमागे मजुरी घेणारी
किलोमागे दळणावळ घेऊ लागली.
कोकिळाबाईची शेळी दोनदा व्याली.
नजमाआपांनी मुलाचं ऑपरेशन केलं,
मी वहीत लिहिलं 'शिलाई मशीन'.
सरांनी पाहिलं, पान उलटलं.
रेशमीने एका कंपनीचं फेडायला दुसरीचं उचललं,
दुसरीचं फेडायला तिसरीचं.
तिसरी शुक्रवारी यायची.

एका मंगळवारी रेशमीची जागा रिकामी.
घराला कुलूप, अंगणात कोंबड्या.
गुजरातेत ऊस तोडायला गेली, कुणी म्हणालं.
सर उठेनात.
ऊन ओट्यावरून सतरंजीवर आलं,
तेव्हा बायांनी कमरेचे बटवे सोडले.
आईने शंभर घातले,
आणि संध्याकाळी जाऊन
त्या कोंबड्या धरून आणल्या, चारही.
माझी आई अशी नव्हती.
मी लिहिलं: वसुली शंभर टक्के.
अक्षर चांगलं आलं होतं.

यंदा एक मुलगी आली, हातात टॅब.
कर्जामुळे तुमची गरिबी कमी झाली का?
हो. नाही. सांगता येत नाही.
आईने लाल हात पदराला पुसले.
"पैसा वना, पैसा गया," म्हणाली. "यंत्र शे."
मुलीचं बोट काचेवर अधांतरी.

मी नर्स झाले ती त्या यंत्रावर,
हे मी सांगितलं. तिने टिपून घेतलं.
परसातल्या कोंबड्यांचं नाही सांगितलं:
त्या चारींच्या पिल्लांची पिल्लं,
आई अंडं खात नाही त्यांचं, विकत नाही,
रोज तिन्हीसांजेला मोजून डालते.
अकरा झाल्यात.
एवढ्या कशाला ठेवतेस, म्हटलं तर म्हणते,
"त्या रेशमीन्या शेतस."