नमुना क्रमांक सहा

कृष्णाकाठचा गाळ नऊशेला छान लाल झाला,
अकराशेला पाकासारखा बसला.
आष्ट्याची चोपण वाळतानाच मिठानं फुलली,
तिला भट्टी दाखवलीच नाही.
कारखान्याची राख मिसळून पाहिली:
हलकी वीट, बोटानं चुरली.

मग कराडच्या आमच्या शेडमध्ये
गजराआक्का कुंभारीण पोतं टेकवून बसली.
जांभ्याखालची माती. पांढरट, साबणासारखी.
मी मीटर शोधेस्तोवर
तिनं चिमूट जिभेवर ठेवलीसुद्धा.
"चिकटती. टिकंल."

टिकली. तेराशेला तीन तास.
आकुंचन सात टक्के, कोपऱ्यात केसाएवढी भेग,
टिचकी मारली तर
पितळी तांब्यासारखी वाजली.
फौंड्रीवाल्याचा दुपारीच फोन: किती टन?

"कुठनं आणलीस?"
"डोंगरातनं."
"कुठल्या?"
"मी चुलीपुरती आणती, दादा. तू ट्रकनं नेशील."

नोंदवहीचे बाकी रकाने भरले.
पोत्याच्या शिवणीत अडकलेली कुसळं
एकेक उपटून काढली;
तसलं गवत एकाच सड्यावर उगवतं,
मला ठाऊक आहे.
'ठिकाण'पुढं पेन टेकवलं.
शाईचा ठिपका तेवढा
मोठा होत गेला.