तीन आटे

नेटाची सायकल अकरा वर्षं
शेडच्या तुळईला उलटी टांगलेली होती, वटवाघळासारखी.
वीस इंची चाकं, कमरेत वाकलेली एकच जाड नळी,
आणि हिरवा रंग, म्हणजे खरं तर आता
गंजाला जागा करून देणारा हिरवा.
एकोणीसशे चौऱ्याहत्तर. लोकर गिरणीतला तिचा पहिला बोनस.
दुकानदार म्हणाला, बुटक्या बायकांना बरी पडते.
ती म्हणाली, उंच पुरुषांनाही पडेल, वाकायला शिकतील.
आणि माझ्याकडे पाहिलं. तोवर आमची ओळखही नव्हती.

यंदा खुबा बदलला तिचा.
डॉक्टर म्हणाला, सायकल चालवा, फक्त चढ टाळा.
डनीडिनमध्ये!
पोहा म्हणे, पण ओलं होऊ नका.

म्हणून मोटर मागवली.
पायडलच्या जागी बसणारी, नारळाएवढी,
तुम्ही जोर लावला की तीही लावणारी.
कॉटर पिना हातोडीशिवाय निघाल्या नाहीत,
एक तर शेजारच्या टेवीटाने येऊन काढली,
पोरगं बावीस वर्षांचं, दंड माझ्या मांडीएवढे.
मग कळलं: हिच्या आसाची नळी शहात्तर मिलिमीटर रुंद,
मोटरला हवी त्र्याहत्तर.
आणि आटे? सगळ्या सायकलींना इंचाला चोवीस,
हिला सव्वीस. का, ते कारखान्यालाच ठाऊक.
आठवडाभर मी त्या आट्यांच्या काळजीत झोपलो नाही.
मोटरला आटे लागतच नाहीत.
ती सरळ आरपार जाते.

पण रुंदी खरी होती.
तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो,
ग्राइंडर नको म्हटलं, कानस काढली.
चार संध्याकाळी. जुलैची थंडी, पायाशी हीटर,
शिकंज्यात सायकल, नाकात लोखंडाचा कीस.
तीन मिलिमीटर म्हणजे बरोबर तीन आटे.
कुणीतरी नॉटिंगहॅममध्ये कापलेले,
मी इथे, जगाच्या तळाशी, मोडत बसलेला.
नेटा चहा ठेवून जायची, विचारायची,
अजून सायकल आहे ना ती?

रविवारी ती बसली.
बटण दाबलं, पायडल मारलं,
आणि दरीतल्या रस्त्यावरून वर अशी गेली
की कोपऱ्यावरचा कुत्रा भुंकायचं विसरला.
मी खाली उभा. हातात पाना.
टेवीटा टाळ्या वाजवत होता.

आणि मला आठवलं,
या चढावर ती कायम उतरायची.
चर्चच्या पायऱ्यांपाशी, तिथून पुढे मी ढकलायचो.
लग्नाचं तिथेच ठरलं, घराच्या कर्जाचं तिथेच,
ग्रेगरच्या बातमीनंतर एक महिना आम्ही फक्त तिथेच बोललो,
घरात नाही.
चाळीस वर्षांचं आमचं सगळं बोलणं
त्या सव्वातीनशे पावलांत झालेलं,
आणि मी ते चार संध्याकाळी
कानशीने घासून टाकलं होतं.

धापा टाकत चढलो. तिसऱ्या दिव्याच्या खांबाशी थांबलो.
वर पाहिलं तर चर्चच्या पायऱ्यांपाशी
ती उतरून उभी, हेल्मेट हँडलला अडकवलेलं.
दुखतंय? विचारलं.
नाही, म्हणाली. हे बघ, यात एक गंमत आहे.
उणे-खुणेचं बटण अंगठ्याखाली दाबून धरलं,
आणि सायकल आपली आपण चालू लागली,
माणसाच्या चालीने, कुरकुर करत,
कुणी न ढकलता.
माहितीपत्रकात होतं ते, मी वाचलं नव्हतं.

तिचा एक हात हँडलवर. दुसरा रिकामा.
माझेही दोन्ही रिकामे, पहिल्यांदाच त्या चढावर,
काय करावं त्यांचं, सुचेना.
पाना खिशात घातला.

काय म्हणत होतास? ती म्हणाली.
मी काहीच म्हणत नव्हतो.
मग म्हण, ती म्हणाली, बॅटरी भरलेली आहे.