पिवळं कार्ड

बेळगावात चौकशी केली तर
काउंटरवरच्या पोरानं बोट घाटाकडं दाखवलं.
ही सुई खाली मिळते, वास्कोच्या बंदरात,
ठरल्या वारीच,
आणि माणसं जमली तरच शिशी फोडतात.

म्हणून मी, बेळगुंदीची नागुबाई,
रताळ्याची शेवटची गाडी भरून दिली
आणि रेल्वेत बसले.
लोंढ्याला चहा घेतला, बिनसाखरेचा.
शेजारचा म्हणाला, घ्या की एक चमचा, कोण बघतंय?
रक्त बघतंय, म्हटलं.

वैजूचे दिवस भरत आलेत.
जावई युगांडात, साखर कारखान्यात पॅनवर.
चिकोडीला जे शिकला तेच तिथं करतो.
ऊस तोच, म्हणतो फोनवर,
मच्छर तेवढे वेगळे.

दवाखान्यात आम्ही दहाजण.
सात खलाशी, एक जोगीण मदर,
एक शाळकरी पोरगा बापाची वाट बघत,
आणि इरकलीतली मी.
वय?
छप्पन्न.
साठीच्या आत आहात, बरं झालं.
अंडं बाधतं का?
मला हसू आलं.
अंडी विकून हिला शिकवली, डॉक्टर,
आम्हाला कधी बाधली नाहीत.
खाल्लीच कमी, म्हणून असेल.

मग नावाची भानगड.
रेशन कार्डावर नागव्वा, कानडीत.
शाळेच्या दाखल्यावर नागुबाई.
पासपोर्टावर इंग्रजी, मध्ये एक अक्षर जास्तीचं.
हद्दीवरच्या माणसाला दोन-तीन नावं असायचीच,
कुठल्याबी हाकेला आम्ही वळतो.
डॉक्टर म्हणाला, पासपोर्टासारखंच लिहितो,
तिथला माणूस दंड बघत नाही, अक्षर बघतो.
खरं सुई टोचली ती तिघींनाही.

कार्ड दहा दिवसांनी लागू होतं.
चौथ्या दिवशी अंग मोडून आलं,
जाऊबाई म्हणाली, बघ, देव नको म्हणतोय.
मी पेज प्याले आणि
बाळंतशोपा निवडत बसले.

हुक्केरी डॉक्टरीण अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते,
धमकी मात्र अख्खी देते.
इन्सुलिन हातातल्या पिशवीत,
विमानाच्या पोटात टाकलंस तर गोठेल.
चिठ्ठी इंग्रजीत, सही-शिक्क्याची, वरच्या कप्प्यात.
हिवतापाच्या गोळ्या जायच्या आधीपासून
आणि परत आल्यावरसुद्धा.
पायात घट्ट मोजे. दर तासाला उठायचं,
कोण काय म्हणंल म्हणून बसून राहायचं नाही.

मी विचारलं, तिथलं घड्याळ अडीच तास मागं,
मग सुई कुठल्या घड्याळानं?
ती थांबली.
चष्मा काढला, कागदावर दोन रेघा ओढल्या,
एक बेळगुंदीची, एक तिकडची,
आणि मधल्या दिवसाचं जेवण
वाटून दिलं दोघींना.

शेवटी उंबऱ्यापाशी हाक मारली.
नागव्वा, परत आल्यावर ताप आला
तर कुठल्याबी डॉक्टरला पहिलं हे सांगायचं,
मी कुठनं आलेय ते.
कडोलीचा परशा तिकडनं आला, आठ दिवस तापला,
टायफॉइड म्हणून सलाईन लावत बसले.
कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

बसमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं.
कुठनं आलीस, हे तर जन्मभर विचारत आलेत,
कचेरीत, बाजारात, पाटीखाली उभं करून.
समोरच्याचं तोंड बघून मी उत्तर दिलं,
कधी या भाषेत, कधी त्या.
आता म्हणे तेच औषध,
आणि न विचारता सांगायचं.

घरी येऊन दोन्ही लिप्यांत लिहून घेतलं
नातवाच्या वहीच्या कागदावर,
कार्डात घडी घालून ठेवलं.
मच्छरदाणी पिशवीत मावत नव्हती.
हळीव काढलं, डिंक काढला,
परत हळीव घातलं.
दंड अजून खाजतोय.