बेचाळिसावा फोटो

काउंटरच्या आत, सिगारेटच्या कपाटाखाली
एक निळी फाइल असते.
तिच्यात चेहरे आहेत, एकूण एकसष्ट,
आपणहून येऊन सही करून गेलेले:
मी आलो, तर मला आत सोडू नका.

दर पाळीच्या आधी मी ती उघडतो,
आई बायबल उघडायची तशी,
ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत.
माझं नाव मालाकाई. दारावर उभा असतो.
तोंगाहून आलो तेव्हा वाटलं होतं, दाराचं काम म्हणजे
दारुड्यांना उचलून बाहेर ठेवणं.
कुणी सांगितलं नव्हतं
की शुद्धीतली माणसं जास्त जड असतात.

आत घड्याळ नाही. खिडकी नाही.
गालिच्यावर इतके रंग की नजर खाली टेकत नाही,
परत पडद्यावर जाते.
डॉलर टाकला, चाळीस सेंट आले
की वाजंत्री वाजते, दिवे नाचतात.
साठ सेंट गेले, ते मात्र
पायात चपला न घालता जातात.

आणि तिसरं कलिंगड नेहमी
रेघेच्या केसभर वर थांबतं.
"बघितलंस? थोडक्यात हुकलं,"
द्रागित्सा मला म्हणायची.
मी एकदा मेकॅनिकला विचारलं.
तो ओठांत स्क्रू धरून हसला:
थोडक्यात काही नसतं रे.
बटण दाबलं तेव्हाच ठरलं,
बाकी नुसतं फिरणं.

बेचाळिसावा फोटो तिचा.
गीलाँगच्या लोकर गिरणीत एकतीस वर्षं.
नवरा गेला आणि दुपारी लांबल्या, म्हणायची.
सही करायला आली ती इस्त्रीचा ब्लाउज घालून,
कानात मोत्यांचे डूल,
जणू पासपोर्टच काढायचाय
कुठल्याशा न पाहिलेल्या देशाचा.

तीन गुरुवारांनी आली. पेन्शनचा दिवस.
केस तांबडे केलेले, बहिणीचा कोट,
चष्मा काढलेला, म्हणून पायरी चुकली.
चेहऱ्यावरून मी फसलो असतो.
पण उजवा अंगठा हवेतच
बटण दाबत होता.

"द्रागित्सा," मी म्हटलं. हळूच, मागे रांग होती.
म्हणाली, चुकतोयस, मी तिची बहीण.
मग म्हणाली, फक्त वीस.
मग, माझे पैसे, माझा अंगठा, तू कोण?
मग अगदी खालच्या आवाजात:
तुझ्या पगारात माझं स्वयंपाकघर आहे, मालाकाई.
फ्रीज आहे, दाताची कवळी आहे, नातवाची सायकल आहे.

पगाराची चिठ्ठी खिशातच होती.
मी काही बोललो नाही.
खोटं असतं तर बोललो असतो.

बसथांब्यापर्यंत गेलो तिच्यासोबत.
मॅनेजर आतून काचेवर टकटक करत राहिला.
तीन थांबे पुढे आणखी एक क्लब आहे.
तिथेही फाइल आहे, तिच्यातही ती आहे,
पण दारावरचा पोरगा मोबाइलमध्ये डोकं खुपसून
घोड्यांवर पैसे लावत असतो.
बस त्याच दिशेची आली.
मी नंबर बघितला. तिनंही बघितला.
मग रस्ता ओलांडून ती
पलीकडच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.
दहा मिनिटं तरी उभी होती.
तेवढीच मला माहीत, नंतर मला आत बोलावलं.

पुढच्या पेन्शनला पुन्हा दारात.
केसांची मुळं पांढरी, चष्मा घातलेला.
आत डोकावली नाही.
"फोटो आहे ना अजून?"
आहे, म्हटलं. बेचाळिसावा.
"डूल दिसतात त्यात?"
दिसतात.
"विकले मी ते," ती म्हणाली,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि बटाटे स्वस्त आहेत का आज, असं
मला की स्वतःला विचारत निघून गेली.